शिट्टी माझी होती, हमीदभाई

हमीदभाई,

तुमची शोकसभा झाली. क्लबनंच ठेवली होती, अमरावतीत, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मंचाच्या बाजूला लावलेल्या फ्लेक्सवरचा तुमचा फोटो जुन्या बक्षीस समारंभातला होता. मूळ फोटोत तुमच्या आजूबाजूला चार पोरं आहेत. त्यांना कापून टाकलं होतं, पण तुमच्या खांद्यावर ठेवलेला एका पोराचा हात तेवढा कापायचा राहून गेला होता. तीन बोटं दिसत होती. त्या तीन बोटांकडे बघत मी तासभर काढला, कारण बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तुम्हाला क्लबातून काढायचं पत्र ज्यांनी समोर बसून टाइप करून घेतलं, ते अध्यक्ष म्हणाले, हमीदभाई आपल्या क्लबचा प्राण होते. सचिव म्हणाले, त्यांनी या भागातल्या कित्येक मुलांना पोहायला शिकवलं. पोहायला. सहा वर्षं तुम्ही धरणावर पोरांना शिडाच्या होड्यांची शर्यत शिकवली आणि त्या माणसाला एवढाही फरक कळला नव्हता. मग दोन मिनिटं शांतता झाली. त्यातलं दीड मिनिट कोणाचा तरी मोबाइल वाजत होता. नंतर समोसे वाटले. अध्यक्षांनी दुसरा समोसा घेतला, बोटं पुसली आणि मला म्हणाले, "सर, कार्यक्रम मस्त झाला."

मी खाली जाऊन नळावर तोंड धुतलं. पण तुम्हाला खरं सांगायचं तर त्या हॉलमध्ये ज्याची सगळ्यात जास्त शिसारी यायला हवी होती, तो माणूस मंचावर डावीकडून दुसऱ्या खुर्चीत बसला होता. तो मी होतो.

तुमच्या मातीला मी बाळापूरला आलो नाही. निघालो होतो, अकोल्यापर्यंत आलोही होतो. स्टँडवर उभा राहिलो आणि परतीच्या गाडीत बसलो. तुमच्या घरच्यांना काय तोंड दाखवणार होतो?

आठवतं ते सगळं उलट्यासुलट्या क्रमानं आठवतंय. आधी तर तो दिवस, जेव्हा तुम्ही मला मुद्दाम पाण्यात पाडलं. मी शाळेत खेळाचा शिक्षक. कबड्डी, खो-खो, धावणं, यात माझी हयात गेली. क्लबला पोरं जमवणारा कोणी हवा होता म्हणून मला घेतलं. वयाची चाळिशी उलटलेली, पोहणं बेतास बात आणि पाण्याची भीती पोटात. तुम्ही नौदलातून निवृत्त होऊन आलेले. पहिल्या रविवारी मला होडीत बसवलंत, मध्यावर नेलंत आणि काही न बोलता होडी कलती केलीत. दोघंही पाण्यात. लाइफ जॅकेट होतं म्हणून मी तरंगत होतो, पण ओरडत होतो. तुम्ही उलट्या होडीला धरून निवांत म्हणालात, "मास्तर, झालं काय? भिजले. इतकंच असते ते." मग होडी पुन्हा सरळ कशी करायची ते दाखवलंत. सातव्यांदा मी ती एकट्यानं सरळ केली. किनाऱ्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मी तेवढा खूश फार कमी वेळा झालो असेन, आणि ते तुमच्यामुळं.

मग आपल्या दोघांचं ते भांडण सुरू झालं, जे सहा वर्षं संपलं नाही. एकाच मोटरबोटीत बसून आपण भांडायचो. समोर पोरं आपापल्या होड्या घेऊन फिरत असायची, एका होडीत एक पोर. त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायचात, की शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही, तिला नागमोडी न्यावं लागतं. आधी डावीकडं जायचं का उजवीकडं, हे जो बरोबर ठरवतो तो जिंकतो. आणि ठरवायचं कसं, तर पाण्याकडं बघून. वाऱ्याची झुळूक येते तिथलं पाणी काळसर दिसतं. आपल्याला मोटरबोटीतून ते पोरांच्या आधी दिसायचं. मला वाटायचं, सांगून टाकावं. "अरे डावीकडं घे, डावीकडं," असं मी ओरडायचो. तुम्ही माझा हात धरायचात.

पोर शर्यत हरून जवळ आलं की तुम्ही फक्त विचारायचात, "काय दिसलं तुले?" ते काहीतरी सांगायचं. "आन मंग काय केलं?" ते सांगायचं. "आता पुन्हा जाऊन पाय." झालं. याला शिकवणं म्हणायचं का, असं मी चिडून विचारायचो. तुमचं म्हणणं, शर्यतीत त्या होडीत आपण नसतो. आपण सांगितलेलं पोराच्या कानात राहते, त्यानं पाहिलेलं डोळ्यात राहते. मी म्हणायचो, पदकं डोळ्यात राहून येत नाहीत. तुम्ही हसायचात आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं सरकवायचात.

एका उन्हाळ्यात तुम्ही सगळ्या होड्यांची सुकाणू काढून ठेवलीत. महिनाभर. पोरांनी नुसतं अंग इकडंतिकडं कलवून आणि शीड ओढून-सोडून होडी वळवायची. मी कपाळावर हात मारला. वरूडची ऋतुजा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या बाबांचा संत्र्याचा बगीचा; ते दर रविवारी पोरीला मोटरसायकलवर घेऊन यायचे. तीन रविवार ती जागच्या जागी गोल फिरत राहिली आणि रडत राहिली. चौथ्या रविवारी ती अर्धा किलोमीटर सरळ रेषेत गेली, सुकाणूशिवाय. परत आली तेव्हा ती नुसती तुमच्याकडं बघत होती.  मी मात्र त्याच क्षणी मनात हिशोब केला होता, की ही पोरगी राज्याच्या संघात जाणार आणि क्लबच्या फळ्यावर माझं नाव लागणार. तुम्ही तिच्यात वारा ओळखणारी पोर पाहिली. मी माझं नाव पाहिलं. आज हे लिहिताना स्वतःची किळस येते.

आता त्या दिवसाचं सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मी ते एकदाही तोंडानं बोललेलो नाही.

दोन वर्षांपूर्वीची हिवाळ्यातली निवड स्पर्धा, आपल्याच धरणावर. पहिले तिघं राज्याच्या संघात जाणार. शेवटच्या शर्यतीआधी ऋतुजा चौथी होती. तुम्ही पंचांच्या बोटीवर निशाणं वरखाली करायला गेला होता. मी मोटरबोटीत एकटा, नियमाप्रमाणं लांब, गळ्यात शाळेची शिट्टी. शर्यत सुरू झाली की बाहेरून मुलांना काहीही सांगायचं नाही, हा नियम मला पाठ होता. तरी आदल्या आठवड्यात, तुम्ही नसताना, मी ऋतुजाला बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, की एक शिट्टी म्हणजे उजवीकडं, दोन म्हणजे डावीकडं. ती म्हणाली होती, "सर, हे चालते का?" मी म्हणालो होतो, "मी सांगून राहिलो ना."

वारा पडत चालला होता. सगळ्या होड्या उजवीकडं गेल्या. मला डावीकडं, टेकडीच्या पायथ्याशी, पाणी काळं होताना दिसलं. मी दोनदा शिट्टी वाजवली. ऋतुजानं होडी वळवली. ती एकटीच डावीकडं गेली, झुळूक तिला मिळाली, शर्यतीत दुसरी आली आणि एकूण तिसरी. किनाऱ्यावर तिच्या बाबांनी मला मिठी मारली.

तुम्ही सामानाच्या शेडमागं मला गाठलंत. तुमचा आवाज चढलेला नव्हता.

"मास्तर, ते शिट्टी तुमची होती."

मी म्हणालो, तुम्हाला भास झाला.

"भास नोता. तक्रार कराले एक तास आहे. तुमी सोता पंचाकडे जा. सांगा का मी शिकवलं, पोरीनं मास्तरचं आयकलं. त्यायनं तुमाले शिक्षा केली तरी पोरगी वाचन. फार तं तिची हे एक शर्यत जाईन. पुढच्या साली ते आपल्या दमावर येईन वर. तुमी नाई गेले तं मले जा लागन."

मी तुम्हाला म्हणालो, हिंमत असेल तर जा.

तुम्ही गेला नाहीत, लगेच नाही. बाभळीखालच्या बाकावर जाऊन बसलात. मी चहाच्या टपरीवरून तुम्हाला बघत होतो. तुम्ही घड्याळ बघत होता आणि माझ्याकडं बघत होता. तास संपायला पाच मिनिटं उरेपर्यंत तुम्ही माझी वाट पाहिलीत. मग उठलात.

पंचांनी मला बोलावलं. मी म्हणालो, शिट्टी लहान पोरांना किनाऱ्यावर बोलवायला वाजवली होती. मग ऋतुजाला आत बोलावलं. तेरा वर्षांची पोरगी, केस ओले, अंगात अजून लाइफ जॅकेट. त्यांनी विचारलं, शिट्टीचा अर्थ काय ठरला होता? तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही, हमीदभाई. मी तिच्याकडं तसाच बघत राहिलो, आणि ती नजर काय सांगत होती ते तिला कळलं. ती म्हणाली, "मला शिट्टी ऐकूच आली नाही."

शिट्टी सगळ्या धरणाला ऐकू गेली होती. पंच तिथून उठले आणि दहा मिनिटांत निकाल आला. नियम मोडला म्हणून एक शर्यत गेली असती. खोटं बोलली म्हणून ती पूर्ण स्पर्धेतून बाद. मला नुसती ताकीद मिळाली, कारण माझ्याबद्दल नक्की सांगेल असं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तुम्ही आत फक्त तेवढंच सांगितलं होतं जेवढं कानानं ऐकलं आणि डोळ्यानं पाहिलं. शेडमागं आपलं काय बोलणं झालं, ते तुम्ही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं.

त्या संध्याकाळी ऋतुजानं मला विचारलं, तक्रार कोणी केली? मी म्हणालो, हमीदभाईंनी. ते खरंच होतं. पण तुम्ही मला तासभर दिला होता, तिला वाचवायचा रस्ता दाखवला होता आणि मी तो घेतला नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ती तुमच्या समोरून निघून गेली. तुम्ही तिला हाक मारलीत. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पुढचा आठवडा आठवला की अजूनही अंगावर काहीतरी चिकट चढल्यासारखं वाटतं. क्लबच्या बैठकीत जो तो बोलत होता, की हमीदनं आपल्याच क्लबातल्या पोरीचा गळा कापला. कोणी म्हणालं, त्यांना मुलीचं पुढं जाणं बघवलं नाही. एक जण म्हणाला, "शेवटी जात दाखवलीच." त्यानं शब्द जात असा वापरला, पण त्याला काय म्हणायचं होतं ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळलं. कोणी मान डोलावली, कोणी चहाचा कप उचलला. मी तुमच्या डब्यातली भाकर सहा वर्षं खाल्ली होती. मी पण कप उचलला. मग पत्र आलं, त्यात लिहिलं होतं, "क्लबच्या हिताला बाधा आणणारे वर्तन." अध्यक्षांच्या खाली दुसरी सही माझी आहे. ते पत्र तुम्ही वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि होड्यांच्या दोऱ्या तपासायला गेलात, कारण दुपारी पोरं येणार होती. तो तुमचा शेवटचा दिवस होता तिथला.

तुम्ही अकोल्याकडं परतलात आणि महानच्या धरणावर तीन जुन्या होड्या दुरुस्त करून बाळापूरची पोरं शिकवायला लागलात. हे मला लोकांकडून कळायचं. इकडं ऋतुजाचं काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? ती पुढचं वर्षभर येत राहिली. पण प्रत्येक शर्यतीत तिची मान माझ्या मोटरबोटीकडं वळायची. समोर काळं पाणी असायचं आणि ही माझ्याकडं बघायची. मी शिट्टी गळ्यातून काढून टाकली होती, तरी ती बघायची. जी पोरगी सुकाणूशिवाय सरळ जायची, तिला आता सुकाणू हातात असून दिशा ठरवता येत नव्हती. तुमचं ते कान आणि डोळ्याचं म्हणणं मला तेव्हा कळलं. कळून उपयोग काय? मी ते मान्य करायलाही तुमच्याकडं आलो नाही.

मागच्या हिवाळ्यात तुमची महानची पोरं आपल्या धरणावर स्पर्धेला आली होती. होड्या ठिगळं लावलेल्या, शिडं जुनी. पण निघायच्या रेषेवर तुमची तिन्ही पोरं बरोब्बर वेळेवर, पूर्ण वेगात होती. आमची पोरं मागं चाचपडत होती. शेवटी जुन्या होड्या मागं पडल्या, तरी प्रत्येक शर्यत झाली की ती पोरं तुमच्याभोवती उकिडवी बसून हातवारे करून आपण काय पाहिलं ते सांगायची. मी लांब उभा होतो. तुम्ही मला पाहून हात वर केलात. मी खिशातला फोन काढून कानाला लावला. कोणाचाही फोन आलेला नव्हता.

त्याच दिवशी तुम्ही ऋतुजाकडं गेलात. मी बघत होतो. तुम्ही काहीतरी विचारलंत, ती होडीची दोरी गुंडाळत राहिली, मान वर केली नाही. तुम्ही थोडा वेळ थांबलात आणि परत आलात. त्यानंतर महिन्याभरात तिनं येणं बंद केलं. होडीची शर्यत तिनं सोडली.

तुम्ही तेव्हा तिला सांगू शकला असता. दोन वाक्यांचं काम होतं. तुम्ही काहून नाई सांगितलं? मास्तरवरचा पोरीचा विश्वास तुटू नये म्हणून? का मीच सांगावं म्हणून वाट पाहत होता, त्या बाकावर पाहिली तशी? मला राग येतो तुमचा, हमीदभाई. इतकं चांगलं वागून तुम्ही मला दोन वर्षं लपायला जागा दिलीत. आणि हा राग मनात आला की माझीच मला लाज वाटते, कारण तुमच्यावर ठपका ठेवायची सवय मी तुम्ही गेल्यावरही सोडलेली नाही.

शोकसभेत माझं नाव पुकारलं गेलं. मी माइकसमोर उभा राहिलो. सांगायचं ठरवून आलो होतो. समोर क्लबचे सगळे होते, पोरांचे आईबाप होते. मी म्हणालो, "हमीदभाई फार शिस्तीचे होते," आणि खाली बसलो. टाळ्या वाजल्या.

परवाच्या रविवारी मी वरूडला गेलो. ऋतुजाच्या बाबांना आधी फोन केला होता. बगीच्यात संत्र्यांची तोडणी चालू होती, बाहेर ट्रक लागला होता. ऋतुजा आता पंधरा वर्षांची आहे, उंच झाली आहे. शेडमध्ये बायांसोबत बसून ती लहानमोठी फळं वेगळी करत होती. मी तिला आणि तिच्या बाबांना एकत्र बसवलं आणि सगळं सांगितलं. शेडमागचं बोलणं, तासभराची मुदत, बाकावरची वाट बघणं, तुम्ही काय करायला सांगितलं होतं आणि मी काय केलं. बैठकीतलं ते वाक्यही सांगितलं आणि मी तेव्हा चहा पीत होतो तेही. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

तिचे बाबा उठून ट्रककडं निघून गेले. 

ऋतुजा हातातलं संत्रं बोटांनी फिरवत होती.  मग तिनं विचारलं, "त्या दिवशी ते माह्याजवळ आले होते, तवा त्यायले हे सगळं माहीत होतं?"

मी म्हणालो, हो.

"आन तरी त्यायनं मले फक्त इतकंच इचारलं का वारा कसा होता आज."

मला ते माहीत नव्हतं, हमीदभाई. तुम्ही त्या दिवशी तिला काय विचारलंत, ते मला लांबून ऐकू आलं नव्हतं.

तिनं संत्रं मोठ्या फळांच्या कॅरेटमध्ये ठेवलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी चुकीच्या माणसासंग अबोला धरला."

त्यानंतर मी तासभर तिथं बसून होतो. ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.